आठाच्या चार फेऱ्या

"आणखी काय?" मॉर्टीनं काउंटरमागून विचारलं, आणि माझा डावा हात हवेत होता तिथंच थांबला. मॉर्टी गेली पंचवीस वर्षं मला धुरावलेला सॅमन मासा कापून देतो. तो कापायला लागला की मी हातांनी नाचत असते, हे त्याला ठाऊक आहे. आम्ही बॅलेवाले सगळेच असं नाचतो. गुडघ्यांना त्रास न देता एखादा नाच आठवायचा असला की दोन बोटं म्हणजे पाय आणि मनगट म्हणजे कंबर. बसमध्ये, दाताच्या डॉक्टरकडं, कुणाच्या अंत्यविधीत मागच्या बाकावर. चौदा मिनिटांचा अख्खा बॅले बेंबीपासून हनुवटीपर्यंतच्या जागेत मावतो. त्या दिवशी उजवा हात म्हणजे मी होते आणि डावा हात माझी जुनी जोडीदारीण मेरिल हॅस्केट. दोघी मध्यभागी आल्या, एकमेकींकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मग उजवा हात चालत काउंटरच्या कडेला गेला, तिथं थांबून त्यानं आठ मोजले, आणि तो विंगेत गेला, म्हणजे माझ्या कोटाच्या खिशात. आता डाव्यानं एकट्यानं नाचायचं होतं. आठाच्या चार फेऱ्या, म्हणजे एक ते आठ चारदा मोजून होईपर्यंत, संथ लयीत, चाळीसेक सेकंद. डावा हात काही करेना. मी त्याच्याकडं बघत राहिले. माझाच हात, पण एखाद्या पाहुण्यासारखा माझ्या तोंडाकडं बघतोय असं वाटलं. "बाई, मागं रांग लागलीय," मॉर्टी म्हणाला. "त्या पोरीला घरी नेऊन नाचवा. बेगल देऊ?" मी चार बेगल पाव घेतले. मला दोनच लागतात.

त्याच सकाळी टोबायसचा फोन आला होता. टोबायस हा एका लहानशा बॅले कंपनीचा संचालक, वय चौतीस, आवाज गोड, आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी आपण आभार मानतोय असं वाटायला लावणारा. "मिस पिन्स्कर, 'कापणीनंतर' तुमच्याकडं आहे ना? म्हणजे पूर्ण?" आणि मी म्हटलं होतं, "आहे की. सगळा आहे." आमचा नृत्यरचनाकार एमेट हॉलिस वारला तेव्हा त्यानं घर, बँक असलं काही मागं ठेवलं नव्हतं, ठेवले होते ते एकेचाळीस बॅले, आणि मृत्युपत्रात ते एकेक करून माणसांना वाटून टाकले होते. मोठे बॅले मोठ्या नर्तकींना गेले, जे आज सगळ्या जगात नाचले जातात आणि ज्यांच्यावर शाळेच्या मुली निबंध लिहितात. मला आला 'कापणीनंतर': दोन बायका, चार तंतुवाद्यं, चौदा मिनिटं. चौऱ्याहत्तर साली सात प्रयोग झाले, मग वादकांचा संप झाला, हंगाम आटोपला, आणि म्हाताऱ्यानं तो पुन्हा काढलाच नाही. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. तो तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. चित्रफीत नाही, कागदावर काही नाही. एकोणचाळीस वर्षं मी एका अशा वस्तूची मालकीण आहे जी फक्त माझ्या अंगात आहे. कुणी मागितली नाही म्हणून मी कधी उघडून पाहिली नाही. आता मागितली, तर मधे भोक.

पुढचे आठ दिवस मी त्या भोकाभोवती फिरले. सगळी जुनी औषधं करून पाहिली. भांडी घासताना मन दुसरीकडं ठेवून पाहिलं, कारण अंग चोरासारखं असतं, लक्ष नसलं की बाहेर येतं. पलंगावर उताणी पडून, डोळे मिटून, तो तुकडा सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून धावत येऊन त्या जागेवरून उडी मारून पाहिली. दर वेळी तेच: माझी पाठ, तिची पाठ, मी कडेला, आठ, बाहेर. आणि मग विंगेतल्या खुर्चीचा खरखरीत रंग, वेषभूषेच्या मिसेस ओरोझ्कोच्या दातांत धरलेली कात्री, माझ्या घोट्याला शिवून टाकलेली रिबिन. कारण त्या चाळीस सेकंदांत मला पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचायचे कडक बूट काढून मऊ सपाता चढवायच्या असत. रिबिनी सुटू नयेत म्हणून गाठीवर टाके घातलेले असायचे. ते कापायचे, ओढायचे, दुसरं चढवायचं, बांधायचं. चाळीस सेकंद कुठं जायचे कळायचं नाही. मिसेस ओरोझ्कोच्या केसांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा, तोसुद्धा आठवला. फक्त मंचावर मेरिल काय करत होती तेवढं आठवेना. नवव्या दिवशी मी आईच्या वयाचा हिशेब केला. आईला पंच्याहत्तराव्या वर्षी आधी खेळायच्या पत्त्यांची नावं जाऊ लागली, मग शेजाऱ्यांची, आणि शेवटच्या हिवाळ्यात ती मला तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारायची, अगदी प्रेमानं, सूपचा चमचा पुढं करत. मला पंच्याहत्तर पूर्ण झालीत. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. माझ्याकडं नवरा नाही, मूल नाही, घर भाड्याचं आहे. होतं ते एवढंच, अंगात ठेवलेलं. त्याला वाळवी लागली असेल तर मग माझ्यात आणि माझ्या कोटात फरक काय राहिला?

आणि दहाव्या दिवशी जिना चढताना, तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले असताना, एक साधा प्रश्न मनात आला. मी ते कधी पाहिलं होतं का? प्रयोगात तर नाहीच, मी खाली वाकलेली असायची. पण तालमीत? तालमीतही नाही. म्हाताऱ्याचा हट्ट होता की तालमीत सुद्धा बूट खरोखर बदलायचे, कात्रीसकट, आणि बदलायचे ते तालीमघराच्या दाराबाहेर. "खोटं घाईत असणं दिसतं," तो म्हणायचा. शिवाय तो आम्हांला बहुतेक वेगवेगळं शिकवायचा: मंगळवारी मी, गुरुवारी मेरिल, आणि प्रत्येकीला तिच्यापुरतंच सांगायचा. ओहायोच्या शेतातून आलेला माणूस, एका वेळी एकच गाय दोहणारा. म्हणजे मी ते कधीच पाहिलं नव्हतं! माझ्या डोक्याला काही झालेलं नव्हतं. जी वस्तू घरात आणलीच नाही ती हरवणार कुठून? मी तिथंच जिन्यात मोठ्यानं हसले. खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. आनंद एक मजला टिकला. चौथ्या मजल्यावर किल्ली लावताना ध्यानात आलं की मग ते चाळीस सेकंद जगात एकाच माणसाच्या अंगात आहेत, आणि त्या माणसाशी मी एकोणचाळीस वर्षं बोललेली नाही.

मेरिल आणि मी चार वर्षं एका खोलीत राहिलो होतो. ती नेब्रास्काची, सहा फुटाला दोन इंच कमी, बोलणं कुऱ्हाडीसारखं. मी ब्राँक्सची, बुटकी आणि जिभेनं तिखट. एकमेकींचे मोजे घालायचो, एकच कोट दोघींत, ज्या दिवशी जिला गरज तिचा. मग 'कापणीनंतर' आला. पहिल्या प्रयोगात मी विंगेत खाली वाकून गाठ ओढत होते आणि मला ऐकू आली ती शांतता. प्रेक्षकांची शांतता अनेक तऱ्हांची असते. कंटाळ्याची असते, तिच्यात खुर्च्या कुरकुरतात. मान राखायची असते, तिच्यात माणसं खोकला दाबतात. पण ही निराळीच होती. वाद्यं अगदी हळू चालली होती आणि त्यांच्या खाली हजार दीड हजार माणसं श्वास न घेता बसली होती. माझ्यासाठी आयुष्यात कधी कुणी तसं बसलं नाही. मी परत मंचावर आले तेव्हा मेरिल पार पलीकडच्या कडेला माझ्याकडं तोंड करून उभी होती, चेहरा पांढराफटक, ओठ ओले, जिवाचं काहीतरी नुकतंच देऊन मोकळं झालेल्या माणसासारखी. मला वाटलं, काय नाचली असेल ही! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की मधल्या त्या क्षणाला शब्द नाहीत. मी तो कागद घडी घालून तिच्या उशीवर ठेवला. ती काहीच बोलली नाही. वाटलं, गर्वानं फुगलीय. सातव्या प्रयोगानंतर महिन्याभरात तिनं दुसरी खोली घेतली. कोट मी ठेवला. त्र्याऐंशी साली मृत्युपत्र वाचून झाल्यावर वकिलाच्या जिन्यावर ती मला म्हणाली, "अभिनंदन. पहिल्यापासून तुझंच होतं ते." तिला त्यानं पियानोचं स्टूल ठेवलं होतं. मी म्हटलं, "स्टूल जपून ने, पाय मोडका आहे." तेच शेवटचं बोलणं.

मेरिल पार्कच्या पलीकडं राहते, हे मला कायम ठाऊक होतं. एका चर्चच्या तळघरात ती म्हाताऱ्यांना व्यायाम शिकवते. मी गेले तेव्हा वर्ग सुटत होता; दहा-बारा म्हातारे पाणी पीत होते आणि ती खुर्च्या एकावर एक रचत होती, अजून ताठ, केस वस्तऱ्यानं काढल्यासारखे बारीक. तिनं मला दारात पाहिलं आणि हातातली खुर्ची खाली ठेवली नाही.

"पिन्स्कर," ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग मी मरायला टेकलेय असं तुला कुणी सांगितलं?"

"तुला यम सुद्धा घाबरतो. खुर्ची खाली ठेव, मला बसायचंय. माझा खुबा गेलाय."

तिनं ठेवली. मी बसले. ती उभीच. उंच माणसं उभी राहिली की आपोआप बरोबर वाटतात. मी टोबायसचं सांगितलं, सप्टेंबरात तालीम आहे म्हणून सांगितलं, आणि मग घशात अडकलेलं एकदाचं बाहेर काढलं. "मला मधलं हवंय, मेरिल. तुझं. मी बाहेर गेल्यावर तू जे नाचायचीस ते. आठाच्या चार फेऱ्या. ते माझ्याकडं नाही, आणि त्याच्याशिवाय बॅले उभा राहत नाही. पाहिजे तर तुझं नाव घालते. पाहिजे तर तूच येऊन शिकव."

तिनं माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की पाणी पिणाऱ्यांपैकी दोघं वळून बघायला लागले. "ही थट्टा करायला तू पार्क ओलांडून आलीस?"

"कसली थट्टा?"

"मी बाहेर असायची, पिन्स्कर. पलीकडच्या विंगेत आग विझवायच्या वाळूच्या बादलीत तोंड घालून धास्तीनं ओकत असायची. सातही प्रयोगांत. मंचावर तू होतीस."

"मी बूट बदलत होते."

"कधी?"

"तेव्हाच. तू कुठं होतीस म्हणालीस?"

"बादलीत. तू बूट बदलत होतीस?"

मी तिला हातांनी दाखवलं. दोन पाठी, माझा हात चालत कडेला, आठ, बाहेर. तिनं माझ्या डाव्या हाताचं मनगट पकडलं, आणि तोही हात चालवत उलट्या कडेला नेला, तिथं थांबवला, आठ मोजले ओठांतल्या ओठांत, आणि माझ्या मांडीवरून खाली ढकलून दिला. दोन्ही हात खुर्चीच्या दोन बाजूंना लोंबत राहिले. माझ्या मांडीवर काही नव्हतं. आम्ही दोघी माझ्या मांडीकडं बघत राहिलो. एका म्हाताऱ्यानं जाता जाता विचारलं, "मेरिल, सगळं ठीक ना?" आणि ती म्हणाली, "तुम्ही घरी जा, हॅरल्ड."

तेव्हा मला आई आठवली, म्हातारी नव्हे, पन्नाशीतली, चांगला कोट घातलेली. ती तिसऱ्या प्रयोगाला आली होती, सगळ्यांत वरच्या सज्जात. प्रयोगानंतर सूप पिताना म्हणाली होती, "छान होतं गं. पण मधे तू कुठं गेली होतीस?" मी तडकून म्हटलं होतं, "ते मेरिलचं होतं, आई." आणि आई म्हणाली, "मेरिलचं? तिथं तर कुणीच नव्हतं. नुसती जमीन आणि उजेड. मला माझं लहानपणचं गाव आठवलं, सगळे गेल्यावरचं. रडूच आलं बघ." मला वाटलं, मोतीबिंदू. दुसऱ्या आठवड्यात मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं, आणि त्यानं सांगितलं की हिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तरीही मला काही सुचलं नाही! माणूस मत्सरानं किती ठार आंधळा होतो याचा दाखला द्यायचा झाला तर मी खुशाल माझंच नाव देईन. हे मी मेरिलला सांगितलं आणि ती हसायला लागली, आवाज न करता, खुर्चीची पाठ धरून, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं राहिलं नाही.

"तुला म्हातारा काय म्हणाला होता?" मी विचारलं. "बाहेर जाताना."

"'आता मंच तिचा आहे. तिला दे, आणि जा.'"

"मलाही तेच."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द."

"डांबिस." ती शेवटी बसली. "मी तुझा किती द्वेष केला, पिन्स्कर. मी बादलीत ओकतेय आणि बाहेर लोक तुझ्यासाठी श्वास धरून बसलेत. तू तो पेपर माझ्या उशीवर ठेवलास तेव्हा वाटलं, हिला माझ्या जखमेवर मीठ चोळायचंय. ओकण्याचं मी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडं सांगत नाहीत."

"मीही तुझा द्वेष केला. तुझा नवरा गेला तेव्हा मी चर्चच्या दारापर्यंत येऊन परत गेले."

"पाहिलं होतं मी. हिरवा कोट." ती नाक पुसत म्हणाली. "दुसरं काहीतरी सापडलंच असतं म्हणा आपल्याला भांडायला. पण इतकं फालतू नसतं सापडलं."

त्या दिवशी परत येताना मी बस सोडून दिली आणि खुबा दुखत असूनही पार्कातून चालत आले, कारण मला विचार करायचा होता आणि बसमध्ये मी हातांनी नाचायला लागते. राग आला होता, पण त्याच्या मागं एक कुतूहल होतं, ते रागाला पुढं जाऊच देईना. म्हाताऱ्यानं हे मुद्दाम केलं, यात शंका नव्हती. एकसारखी पावलं दिली, म्हणजे एकीच्या पावलांच्या आवाजात दुसरीचा बुडेल. वेगवेगळं शिकवलं. पण कशासाठी? मंच रिकामा करायचाच होता तर दोघींना सांगून करता आला असता. मी मनात ती चाल पुन्हा चालून पाहिली. माझी पाठ. माझ्या पाठीमागं मेरिल उभी आहे, ती आता नाचणार आहे, तिच्यासाठी मी जागा सोडतेय. त्या चालीत पाठीला कान फुटायचे. मणका न् मणका मागं ऐकत असायचा. सत्तावीस वर्षांच्या माझ्या अंगानं आपल्यापेक्षा चांगल्या बाईला जागा करून दिली होती, मनातून जळत, आणि तरीही नीट, कारण तीच शिस्त होती. आणि तिकडं मेरिलही अगदी तसंच करत होती. त्या दोन पाठी प्रेक्षकांना दिसल्या. मग दोघी गेल्या, आणि एकमेकींना दिलेली ती जागा कुणीच घेतली नाही. म्हणून ते श्वास धरून बसले! आईला तिचं गाव उगाच नाही आठवलं. मी तळ्याजवळच्या बाकावर बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "बिलंदर म्हातारा." शेजारचा माणूस उठून गेला. मला म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं आणि त्याच्या तोंडात मारावीशी वाटली, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आधी हे अजूनही ठरत नाही. त्याला आमच्या खोलीचं, मोज्यांचं, कोटाचं ठाऊक होतं. त्यानं ते बघितलं असेल आणि त्याला वाटलं असेल, हे वापरता येईल.

सप्टेंबरात टोबायसनं दोन मुली दिल्या. कॅलिस्टा, लांब मानेची, सतत काहीतरी खाणारी. आणि यूना, छोटी, जिच्या पायांना आवाजच नव्हता. दोघी सहाव्या वर्षापासून एकाच शाळेतल्या. पहिल्या दिवशी गाणी ऐकायच्या एकाच तारेची दोन टोकं दोघींच्या कानांत घालून आल्या, एकच दाण्यांची पुडी दोघींत. मेरिल माझ्याबरोबर आली होती, फक्त बघायला म्हणून, आणि पहिल्या दहा मिनिटांत तिनं यूनाचा खांदा सरळ केला. मी ठरवून आले होते की खरं सांगायचं. शपथ घेऊन सांगते, ठरवून आले होते. तीन आठवडे आम्ही आधीचा आणि नंतरचा भाग बसवला. मधलं मी पुढं पुढं ढकलत राहिले. मग एका गुरुवारी यूना एकटीच लवकर आली. पाठमोरी चाल तिला दाखवली. ती कडेला जाऊन थांबली, आठ मोजले, आणि वळून म्हणाली, "आणि मी गेल्यावर? मंचावर कॅलिस्टा असते?"

आवाजात अगदी बारीक काहीतरी होतं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. मी ते ओळखलं, माझ्या स्वतःच्या नावासारखं ओळखलं. आणि मी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आता मंच तिचा आहे. तिला दे, आणि जा."

बाकावर मेरिलनं मान वर केली. यूना पुन्हा मध्यभागी गेली आणि चालली, आणि माझ्या हातावर काटा आला. तिच्या पाठीला कान फुटले होते. एका तासानं कॅलिस्टा आली, तिलाही मी तेच म्हणाले, शब्दाला शब्द, यूनाला त्या वेळी दाराबाहेर बूट बदलायला पाठवून. मग दोघींचं एकत्र केलं, चौदा मिनिटं, सुरुवातीपासून. पियानोवाला चार वाद्यांचं काम एकट्यानं करत होता. दोघी एकमेकींकडं पाठ करून चालल्या, कडेला थांबल्या, आणि दोन दारांतून बाहेर गेल्या. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ते पाहिलं. करड्या रंगाची जमीन, तिच्यावर बुटांना लावायच्या राळेचे पांढरे ठसे, खिडकीतून आलेला तिरपा उजेड, आणि त्या जमिनीवर दोघींचं काहीतरी ठेवलेलं, जे दिसत नव्हतं पण होतं. पियानोवाल्याची मान आपोआप वळली. टोबायस दाराशी उभा होता, त्याच्या हातातली कॉफी कलंडली तरी त्याला कळलं नाही. मेरिलनं माझ्या हाताला धरलं होतं, खूप घट्ट, आणि मला त्या चाळीस सेकंदांत सगळं माफ करावंसं वाटलं, त्याला, तिला, मला. ते होतं. पूर्ण होतं. माझ्याकडं जे आलं होतं ते सगळं मी पुढं दिलं होतं.

तालीम संपली. यूनानं पिशवी उचलली. कॅलिस्टानं दाण्यांची पुडी काढली, एकटीनंच खाल्ले, यूनाकडं न बघता. तार एकीच्याच कानात होती. यूना "उद्या भेटू" म्हणाली ते मला म्हणाली. एक एका दारानं निघाली, दुसरी दुसऱ्या. टोबायस तोंड भरून काहीतरी बोलत होता, 'साक्षात हॉलिस' असं काहीतरी.

"सांगणार आहेस ना त्यांना?" मेरिल माझ्या कानाशी म्हणाली.

"प्रयोग झाल्यावर."

"तोही हेच म्हणाला असेल. प्रयोग झाल्यावर सांगू. मग संप झाला."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं की त्याला कदाचित सांगायचं असेल. खरंच होतं की नव्हतं, कोण सांगणार? मी उठले. खुबा कळवळला. "ए पोरींनो!" मी ओरडले, आणि ब्राँक्समध्ये आई ज्या आवाजात मला रस्त्यावरून वर बोलवायची तोच आवाज माझ्या छातीतून निघाला. "इकडं या! दोघी! आत्ताच्या आत्ता!"

त्या दोन दारांत उभ्या राहिल्या. मी सांगितलं. कुणी तिथं नाचत नाही. तू गेलीस की तीही जाते. मी खोटं बोलले, त्यानं आम्हांला असंच सांगितलं होतं, आणि ही बाई आणि मी त्यापायी एकोणचाळीस वर्षं बोललो नाही. टोबायसनं डोळे मिटून घेतले. कॅलिस्टा आधी हसली, मग तिला आपण यूनाबद्दल गेला तासभर काय विचार करत होतो ते आठवलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. यूना हसली नाही. ती माझ्याकडं रागानं बघत होती, आणि बरोबर होतं ते.

"मग आता चालायचं कसं?" ती म्हणाली. "ती तिथं आहे असं समजून मी चालत होते. आता मला माहीतय की नाही. आता ते तसं होणार नाही."

"नाही होणार," मेरिल म्हणाली.

टोबायस म्हणाला, "मिस पिन्स्कर, आत्ता आपण जे पाहिलं ते..." आणि मी त्याला हातानं गप्प केलं. बॅले माझा आहे. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला ते खरं वाटलं.

"कसं चालायचं ते मला माहीत नाही," मी यूनाला म्हटलं. "माहीत असताना हे कुणीच कधी चाललेलं नाही. कदाचित मेलेलं निघेल. बघायचंय मला. तुला नाही बघायचं?"

यूनानं पिशवी खाली टाकली आणि कॅलिस्टाकडं पाहिलं, आणि कॅलिस्टानं दाण्यांची पुडी तिच्यापुढं धरली. यूनानं दोन दाणे घेतले. मग दोघी मध्यभागी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि मी मोजायला लागले.